पावसाळी उबवणी: पाण्याची खाच कोरडी, वजनकाटा हाताशी

श्रावणात अंडी उबवायच्या मशीनमध्ये बसवलेल्या गावठी अंड्यांतून परवा पिल्लं निघाली. अठराव्या दिवसापर्यंत मशीनमधली पाण्याची खाच कोरडी ठाक होती, एक थेंबही घातला नव्हता. मशीनबरोबर येणाऱ्या पत्रकात पहिल्या दिवसापासून पाणी भरा असं छापलेलं असतं, आणि कोरड्या मुलखात ते बरोबरही आहे. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात जून ते सप्टेंबर ते लागू पडत नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. का, ते आकड्यांनिशी सांगते. किनारपट्टीवर घरी अंडी उबवणारे बहुतेक जण इथेच अडतात.

पाऊस लागून राहिलेला असतो तेव्हा खोलीतलं तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. ही हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापते. तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण तापलेली हवा जवळजवळ दुप्पट वाफ धरू शकते. त्यामुळे आतला आकडा आपोआप ५० टक्क्यांवर येतो. कोंबडीच्या अंड्याला पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के पुरते. वर पाणी भरलं की आर्द्रता ६५-७० च्या घरात जाते, अंड्यातलं पाणी बाहेर पडत नाही आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहानच राहते. शेवटी पिल्लाला कवचात वळायला जागा उरत नाही, आणि चोच पोकळीत घालून पहिला श्वास घ्यायचा तर तिथे पुरेशी हवाच नसते. पिसं आलेलं, पूर्ण वाढीचं पिल्लू कवचातच मेलेलं सापडतं ते पावसाळ्यात बऱ्याचदा याच कारणाने. लोक अंड्यांना किंवा कोंबड्याला दोष देतात.

म्हणून मी आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा वजनावर जास्त विश्वास ठेवते. अंडं बसवल्यापासून अठराव्या दिवसापर्यंत त्याचं वजन साधारण १३ टक्क्यांनी घटायला हवं. गावठी अंडं ४४ ग्रॅमचं असेल तर अठराव्या दिवशी ते ३८ ग्रॅमच्या थोडं वर दिसलं पाहिजे. सातव्या दिवसाला पाचेक टक्के, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास घट. सगळा ट्रे एकदम तोलण्यापेक्षा प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने क्रमांक आणि पहिलं वजन लिहावं, कारण मध्येच वांझ अंडी काढून टाकली की ट्रेच्या वजनाचा हिशोब विस्कटतो. शाईचं पेन नको, कवचाला छिद्रं असतात. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातल्या एक-एक ग्रॅमच्या काट्यावर सातव्या दिवसाचा फरक नीट कळत नाही.

या खेपेला सातव्या दिवशी घट कमी भरत होती. सतत पाऊस, अंगणात तर शेवाळच शेवाळ. मशीनच्या हवेच्या भोकांचा आकार वाढवून यात फार फायदा होत नाही, कारण आत येणारी हवाही तेवढीच ओली असते. हवा येण्याच्या बाजूला जाळीच्या पिशवीत सिलिका जेल टांगलं आणि मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीजवळून उचलून आतल्या कोरड्या खोलीत नेलं. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आंचेवर तापवून परत वापरता येतं. चौदाव्या दिवसापर्यंत वजनं रेषेवर आली.

आर्द्रतामापकाबद्दल एक गोष्ट. स्वस्तातले मापक दहा-दहा टक्के चुकीचे दाखवतात, त्यामुळे ते आधी तपासून घ्यावेत. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओलसर चिखल होईल एवढंच पाणी घालायचं, मापकाबरोबर ते हवाबंद डब्यात ठेवायचं आणि सातआठ तासांनी बघायचं. आकडा ७५ यायला हवा. जो फरक दिसेल तो कायम लक्षात ठेवून वजा-अधिक करायचा. यासाठी पाकिटातलं मीठ घ्या. आगरातल्या जाड मिठात इतर क्षारही असतात, ते ओल ओढतात आणि आकडा खाली जातो. तापमानासाठी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर मशीनच्या काट्याशी ताडून बघते. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५, बिनपंख्याच्या डब्यात अंड्याच्या वरच्या बाजूला साधारण ३८.५.

अंडी निवडताना पावसात चिखलाचा त्रास होतो. खुराड्यात भाताचं तूस सुकं घातलं तर अंडी स्वच्छ मिळतात, आणि स्वच्छ असलेलीच बसवावीत. धुऊ नयेत. कवचावर जो संरक्षक थर असतो तो निघून जातो आणि जंतू आत शिरतात. मग एखादं अंडं मशीनमध्ये कुजून फुटलं तर शेजारच्यांनाही बाधतं. श्रावणात आमच्याकडे मांसमच्छी बंद, अंडीही नाहीत, त्यामुळे शेजारच्या काकींकडून गावठी अंडी एरवीपेक्षा सहज मिळाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अंडी दिसतात, पण ती किती दिवसांची आहेत आणि कळपात कोंबडा आहे का, हे कळायला मार्ग नसतो. उबवायला मी ती घेत नाही. साठवण करायची तर पावसाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नको. घरातलं तापमान २४ अंशांच्या वरच असतं, त्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कमजोर होतो. फ्रिज जास्तच थंड. आमच्या घरी जमिनीलगतचा पाण्याच्या मडक्याशेजारचा कोपरा सगळ्यात गार, तिथे टोकदार बाजू खाली करून ठेवते.

मशीनच्या फिरत्या ट्रेच्या खाचा फार्मच्या मोठ्या अंड्यांसाठी केलेल्या असतात. गावठी अंडी त्यात डुगडुगतात, म्हणून कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावल्या. अठराव्या दिवसापर्यंत फिरवणं चालू, त्यानंतर बंद. सातव्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं की शिरांचं लाल जाळं स्वच्छ दिसतं. मधोमध लाल कडं दिसलं तर गर्भ थांबलेला असतो.

वीज. पावसात तारांवर झाड पडलं की आमच्या भागात रात्रभर अंधार. माझं मशीन १२ व्होल्टवरही चालतं, जुनी पण चांगली बॅटरी जोडून ठेवलीय. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी झाकण उघडू नये, वर गोधडी टाकावी आणि हवेची भोकं मोकळी ठेवावीत. तास-दोन तास गार झाल्याने गर्भ सहसा मरत नाही. कोंबडीही चरायला उठते तेव्हा अंडी गार होतातच. पिल्लं फार तर उशिरा निघतात. खरी भीती उष्णतेची. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता सोडतो, त्यामुळे वीज परत आल्यावर आकडा वर उडत नाही ना, ते बघायला मी मशीनजवळच बसते.

अठराव्या दिवशी ट्रे काढला, खाली गोणपाट अंथरलं आणि आता मात्र पाणी दिलं. ओला स्पंज ठेवला की पावसाळ्यात आर्द्रता ६५-७० पर्यंत सहज जाते. त्यानंतर झाकण उघडायचं नाही. विसाव्या दिवशी संध्याकाळी पहिला टवका उडाला. तिथून बाहेर यायला पिल्लाला चोवीस तासही लागतात, आणि तो वेळ त्याचा आहे: राहिलेला बलक पोटात ओढला जातो, शिरांमधलं रक्त आटतं. मध्येच कवच सोलून मदत करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ओल्या पिल्लाला लगेच बाहेर काढायचीही घाई नको. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस राहू शकतं, मशीनमध्येच वाळू द्यावं.

वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, म्हणून ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यात, पहिले दोन दिवस गोणपाटच ठेवलं. आता तूस आहे. दिव्याखाली ३५ अंश, दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून किरकिरली तर थंडी, कडेला पांगून चोची उघड्या टाकल्या तर उष्मा. काही पिल्लं काकींच्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली रात्री सरकवली. अंधारात दिली की ती आपली म्हणून घेते, सकाळी सगळी तिच्या पंखाखालून डोकावत होती. मला मशीन कोंबडीच्या जागी नकोच आहे. गावठी कोंबडी अंडी घालता घालता खुडूक होते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत अंडी बंद. मशीनमुळे एकीला रवणीवर (उबवायला) ठेवून बाकीच्या घालत्या ठेवता येतात, एवढा त्याचा उपयोग.

सध्या लक्ष दोन गोष्टींवर. तूस दमट राहिलं की रक्ती हगवण येते, म्हणून ते रोज उलटून ओला भाग काढते आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेवलंय. आणि पाचव्या ते सातव्या दिवसात राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर डोसच्या पुढे असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वाड्यावरच्या सगळ्यांनी एकाच सकाळी पिल्लं आणायची ठरलंय. बर्फाचा डबा माझ्याकडून.

पुढची अंडी जानेवारीत. तेव्हा पहाटे २० अंश आणि ८० टक्के असली तरी मशीनमध्ये आर्द्रता जेमतेम ३० भरते, म्हणजे खाच पहिल्या दिवसापासून भरावी लागणार. पेडणे, काणकोण किंवा वाळपईकडे कुणी पावसात उबवत असाल तर सातव्या आणि चौदाव्या दिवसाची वजनं लिहून ठेवा आणि कळवा. घाटाजवळचा पाऊस वेगळा, तिथली घट किनाऱ्यापेक्षा कमी भरते का ते बघायचंय.