दोन पुरुषांची प्रेमकथा: परीक्षण करताना काय पाहावं

प्रणयकादंबरीचा वाचकाशी एक करार असतो: शेवटी दोघं एकत्र आणि सुखात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४मध्ये लिहिली ती सुखांताच्या हट्टानेच. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध तेव्हा गुन्हा होते. पुस्तक छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, १९७१मध्ये. एका नायकाला मारून रडवणारी कादंबरी उत्तम असू शकते, पण तिला प्रणयकादंबरी म्हणून गुण देऊ नयेत.

मग भाषा पाहा. दोन्ही नायक ‘तो’, त्यामुळे ‘त्याने त्याचा हात धरला’ म्हणजे नेमकं कोणी कोणाचा? कच्चा लेखक यातून सुटायला ‘उंच तरुण’, ‘निळ्या डोळ्यांचा’ अशी विशेषणं पेरतो आणि जवळिकीच्या ऐन क्षणी पात्रं परकी होतात. नाव पुन्हा वापरलेलं केव्हाही बरं. मराठीत तर ‘हा’ आणि ‘तो’ अशी सोय आहे, शिवाय ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा क्षणही हाताशी आहे. अनुवादात तो कुठे घेतलाय, हे आवर्जून तपासा.

साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झालं की ताटातूट येते. तिचं कारण एका फोनने मिटणारं असेल तर ती कथानकाची पळवाट. घर, नोकरी, उघड होण्याची भीती यांतून आलेली ताटातूट खरी वाटते, मात्र ती भीती आधीच्या प्रकरणांतही दिसलेली हवी.

शय्याप्रसंग वगळून वाचा. तरीही नात्यातलं काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही, तर त्या प्रसंगांत काही घडलंच नव्हतं. कथेतल्या बायका केवळ खलनायिका असतील, तर गुण कापा.