काटा 2310 दाखवत होता

मी छोट्या पिस्टन इंजिनवाल्या विमानांचं मेंटेनन्स करतो. ट्रेनिंगची विमानं, चार सीटर, चार सिलिंडर. बऱ्याच वर्षांत बरंच काय काय बघितलं पण ही केस डोक्यातून जात नाही, कारण त्या विमानाच्या लॉगबुकमध्ये पंधराच दिवसांपूर्वी माझी सही होती.

सकाळचं पहिलं फ्लाइट उतरलं आणि इंस्ट्रक्टर सर लॉगबुक न भरता थेट हँगरमध्ये आले. म्हणाले, हे विमान चढत नाहीये. आमच्याकडे त्याच मॉडेलची दोन विमानं, दोन्हीला तेच इंजिन, 2700 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 160 हॉर्सपॉवर, दोन्हीला तसाच फिक्स्ड पिच प्रोपेलर, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा उडताना बदलता येत नाही असा, व्यास 75 इंच, पिच (त्या तिरपेपणाचं माप) 57 इंच. सरांनी मागोमाग दोन्ही उडवली होती, वजन जवळपास सारखं, हवा तीच. एक मिनिटाला 700 फुटांच्या आसपास चढलं आणि दुसरं जेमतेम 400. "आणि आरपीएम तर पूर्ण येतंय," सर म्हणाले, "रनअपला, उडायच्या आधी इंजिन तपासताना, काटा 2300 च्या वर होता, मी स्वतः बघितलाय. इंजिन बरोबर आहे, प्रोपेलर बघा. पिच थोडी कमी करून घ्या, चढाई सुधारेल."

प्रोपेलरवर संशय येणं साहजिक होतं, तीनच महिन्यांपूर्वी तो ओव्हरहॉल होऊन आला होता. आणि स्टॅटिक आरपीएमचं, म्हणजे विमान जागेवर उभं ठेवून पूर्ण थ्रॉटलला मिळणाऱ्या आरपीएमचं म्हणाल तर शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला मीच लिहिलं होतं, 2310. पुस्तकात मर्यादा 2300 ते 2420. म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण चढाईत एवढा फरक म्हणजे ठीक नाहीच, हे मला ऐकता ऐकताच खटकत होतं.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबून सांगतो. 160 हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे कायम 160 मिळतात असं नसतं. फिक्स्ड पिच प्रोपेलर हा इंजिनवर बसवलेला ब्रेकच असतो, हवा त्याला अडवते आणि इंजिन त्या अडवण्याविरुद्ध फिरत राहतं. विमान जमिनीवर उभं, ब्रेक दाबलेले, थ्रॉटल पूर्ण आत, तरी आरपीएम 2700 ला जातच नाही, 2350 च्या आसपास तोल साधला जातो, इंजिन देऊ शकतं तेवढी ताकद आणि प्रोपेलर खातो तेवढी ताकद तिथे बरोबर जुळते. म्हणून या एका आकड्याला एवढं महत्त्व. प्रोपेलर चांगला असेल तर तो डायनामोमीटरच आहे, इंजिनची ताकद मोजायचं यंत्र, आणि तेही रोज नाकावर बसवलेलं.

आणि हे यंत्र फार संवेदनशील असतं. जागेवर उभ्या विमानात थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ओढणारा जोर, आरपीएमच्या वर्गाने वाढतो पण त्यासाठी लागणारी पॉवर घनाने. आरपीएम आठ टक्के कमी झालं तर थ्रस्ट पंधरा टक्क्यांनी जातो आणि पॉवर तब्बल बावीस टक्क्यांनी. त्यामुळे शंभर दीडशे आरपीएमचा फरक "चालतंय की" म्हणून सोडून द्यायचा नसतो.

तर सरांना म्हटलं, पिच बदलायच्या आधी मला एक तास द्या.

दोन्ही विमानं बाहेर काढली, चाकांना चॉक (अडथळे) लावले, वारा जवळजवळ नव्हताच, असता तरी आडवं उभं केलं असतं कारण समोरून वारा आला की आकडा वर जातो. आमच्याकडे ऑप्टिकल टॅकोमीटर आहे, कॉकपिटमधून काचेतून प्रोपेलरकडे रोखायचा, पात्यांची संख्या दोन सेट करायची, मागे मोकळं आकाश हवं. हँगरच्या ट्यूबलाइटखाली हा खोटं बोलतो, लाइटचं लुकलुकणंच मोजतो. माझ्याबरोबर नवीन शिकाऊ मुलगा होता, टॅको त्याच्या हातात दिला.

चांगलं विमान आधी. पॅनलचा काटा 2350, ऑप्टिकल 2360. मस्त.

मग आजारी विमान. पॅनलचा काटा 2310. मुलगा काही बोलेना. मी म्हटलं वाच की रे. तो म्हणाला, सर 2170 येतंय, माझ्याकडून काही चुकतंय का? मी परत घ्यायला लावलं, परत 2170. मी स्वतः घेतलं. 2170.

पोटात खड्डा पडला माझ्या, खरंच सांगतो. पॅनलवरचा टॅको जुना मेकॅनिकल, आत फिरणारं चुंबक आणि एक केसासारखी स्प्रिंग, ती स्प्रिंग सैल पडली की काटा जास्त दाखवायला लागतो. तो 140 ने जास्त दाखवत होता आणि इंजिन जेवढं पडलं होतं ते त्याने नेमकं झाकून टाकलं होतं. आणि मी त्या काट्यावर विश्वास ठेवून सही केली होती, ऑप्टिकल शेजारच्या कपाटात असताना.

आता हिशोब बघा. 2360 च्या जागी 2170, म्हणजे तोच आठ टक्क्यांचा फरक. चांगलं इंजिन उभ्या विमानात साधारण 140 हॉर्सपॉवर देतं असं धरलं तर हे 109 च्या आसपास देत होतं. तीस एक हॉर्सपॉवर गायब. मुलाने लगेच विचारलं, सर पण पॉवर बावीस टक्के गेली तर चढाई पण बावीस टक्केच जायला पाहिजे, ही तर निम्म्याला आली? फार चांगला प्रश्न होता, मला वाटतं या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. विमान नुसतं हवेत सरळ ठेवायला सुद्धा पॉवर लागते, आधी ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा, हिस्सा द्यावा लागतो, तो काही माफ होत नाही, आणि उरेल त्यावर चढायचं. जवळपास 1090 किलोचं विमान मिनिटाला 700 फूट वर न्यायला निव्वळ 51 हॉर्सपॉवर लागतात. प्रोपेलरची एफिशिअन्सी चढाईत सत्तर टक्के धरली तर गायब झालेल्या एकतीसपैकी बावीस हवेपर्यंत पोचले असते, आणि ते सगळेच्या सगळे त्या 51 मधून कापले जातात. उरले 29. म्हणजे चढाई 400. सरांनी सांगितलेला आकडा कागदावर जसाच्या तसा आला तेव्हा आम्ही दोघं थोडा वेळ गप्पच होतो.

पण अजून एक शक्यता उरत होती. खरं आरपीएम कमी आहे हे नक्की, पण ते इंजिन कमजोर म्हणून की ओव्हरहॉलमध्ये पिच वाढली म्हणून? पिच वाढली की पातं हवेत जास्त तिरपं बसतं, जास्त हवा कापायला बघतं आणि चांगलं इंजिन सुद्धा दबतं. ढोबळ अंदाज असा की एक इंच पिचला साधारण पंचवीस आरपीएम. 190 चा फरक म्हणजे सात आठ इंच पिच, एवढी चूक ओव्हरहॉलमध्ये कशी होईल, पण कशी होईल म्हणून सोडायचं नाही हे त्याच दिवशी शिकत होतो.

म्हणून दोन्ही विमानांचे प्रोपेलर अदलाबदल केले. बोल्ट, टॉर्क, ट्रॅक चेक, सेफ्टी वायर, दोन्ही लॉगबुकात नोंदी, दुपार गेली त्यात. पण उत्तर स्वच्छ मिळालं. संशयित प्रोपेलर चांगल्या इंजिनवर, 2355. चांगला प्रोपेलर आजारी इंजिनवर, 2160. आजार इंजिनबरोबरच राहिला. प्रोपेलर निर्दोष.

सर बघायला आले होते. त्यांना सांगितलं की आपण पिच कमी केली असती तर काय झालं असतं. आरपीएम वर गेलं असतं, विमान थोडं बरं चढलंही असतं, सगळ्यांना वाटलं असतं सुटलं. आणि आतला बिघाड तसाच वाढत राहिला असता. ते शांतपणे म्हणाले, मग आता उघडा.

मधेच मुलाने विचारलं की जर थ्रस्ट आरपीएमच्या वर्गाने वाढतो तर इंजिन अजून जोरात का नाही फिरवत, 3500 का नाही. 75 इंचाच्या प्रोपेलरचं टोक 2700 आरपीएमला सेकंदाला 269 मीटर जातं, आवाजाचा वेग साधारण 340, आणि त्यात विमानाचा पुढचा वेग मिळवायचा. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पॉवर थ्रस्टमध्ये न जाता शॉक वेव्ह आणि आवाजात जाते. राइट बंधूंनी 1903 मध्ये जेमतेम 12 हॉर्सपॉवरचं इंजिन वापरलं पण साडेआठ फुटी दोन प्रोपेलर चेनने स्लो करून मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरवले. थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा खूप हवा हळू ढकलणं स्वस्त पडतं, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. मला आजही त्याचं फार कौतुक वाटतं.

असो. इंजिनकडे वळतो. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं, एकेक बंद केल्यावर आरपीएम पडतो तो ड्रॉप दोन्ही बाजूंना व्यवस्थित, ठिणगीचं टायमिंग 25 अंशांवर बरोबर. थ्रॉटलचा आर्म कार्ब्युरेटरवर स्टॉपला पूर्ण टेकतोय. एअर फिल्टर स्वच्छ. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, फ्लॅप नीट बंद होतो, गरम हवा गळत नाही. मफलरमध्ये आतला पत्रा सुटून तोंड अडवतो कधी कधी, तेही दिवा घालून बघितलं, नाही. कंप्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडरमध्ये 80 च्या दाबाने हवा सोडून किती टिकते ते बघितलं, 80 पैकी 76, 75, 77, 74. एकदम निरोगी इंजिनचे आकडे.

इथे बरेच जण अडकतात. कंप्रेशन चांगलं म्हणजे इंजिन चांगलं असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ती टेस्ट करताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, व्हॉल्व्ह बसतात का आणि रिंगा धरतात का एवढंच कळतं. व्हॉल्व्ह उघडतात किती हे त्यात येतच नाही. आणि इंजिनमध्ये हवाच कमी गेली तर पॉवर कुठून येणार.

व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्टचा उंचवटा (लोब) जो भाग वर ढकलतो तो टॅपेट, त्याची उचल डायल गेजने मोजली. तीन आणि चार नंबरचा इनटेक बरोबर. एक आणि दोनचा, दोन्हीचा, स्पष्ट कमी. आणि दोन्हीचा एकदम कमी असायला कारण आहे, या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरचे इनटेक टॅपेट एकाच लोबवर चालतात, त्या लोबला दुप्पट काम. तो झिजला की दोन सिलिंडर उपाशी.

ऑइल फिल्टर कापला. घड्या उलगडल्या आणि उन्हात धरलं तर बारीक चकाकी, चुंबक फिरवलं तर चिकटली. लोखंड. इन्स्पेक्शनला फिल्टरमध्ये दोन चार कण दिसले होते, मर्यादेत म्हणून तशी नोंदही होती. दोन चार कण, थोडा खालच्या बाजूचा आरपीएम, थोडं आळशी विमान, तिन्ही वेगवेगळ्या पानांवर होते आणि मी एकत्र वाचले नाहीत.

इंजिन उतरवून उघडलं तेव्हा तो लोब टोकाला गोल झाला होता आणि टॅपेटच्या तोंडावर खड्डे. हे विमान मध्ये बराच काळ न उडता उभं होतं. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, बंद पडून राहिलेल्या इंजिनात त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं, ओल धरते, गंज चढतो, आणि मग उडायला लागलं की तो गंजच कानशीसारखा घासत राहतो.

नवीन कॅम, नवीन टॅपेट, बेअरिंग, ऑइल कूलर आणि सगळ्या लाइन्स धुऊन, शिवाय नवीन टॅकोमीटर. परत आल्यावर पुन्हा चॉक लावले, मुलगा ऑप्टिकल घेऊन आत बसला, आणि यावेळी न विचारता मोठ्याने ओरडला, 2365! पॅनलवर 2360. सर उडवून आले, म्हणाले 690 मिळाले, हवा गरम होती तरी. प्रोपेलर अदलाबदलीनंतर आपापल्या जागी गेले होते, पिच कुणाचीच बदलली नव्हती.

जुनी सही तशीच आहे, ती खोडता येत नाही आणि खोडायचीही नाही. आता स्टॅटिक आरपीएमसमोर मी दोन आकडे लिहितो, एक पॅनलचा, एक ऑप्टिकलचा, शेजारी तापमान आणि वारा, आणि खाली मागच्या तीन वेळचे आकडे.