फोटो डिलीट केले, पण जागा मोकळी होईना

तीन दिवस गेले या एका कामात. अजून आठवलं तरी डोकं तापतं, म्हणून लिहून ठेवते.

माझा मॅक 256 जीबीचा. फोटोज अ‍ॅपमधून साधारण 60 जीबीचे फोटो-व्हिडिओ काढून टाकले, ट्रॅश रिकामा केला, तरी जागा तेवढीच. पहिली अडचण लवकर सापडली. या अ‍ॅपमधला फोटो ट्रॅशमध्ये जातच नाही. तो 'रिसेंटली डिलीटेड' अल्बममध्ये 30 दिवस पडून असतो. तिथे 'डिलीट ऑल' केलं आणि हायसं वाटलं.

पण मला जे सॉफ्टवेअर टाकायचं होतं ते 'जागा नाही' असंच म्हणत राहिलं. स्टोरेजच्या पानावर तर 65 जीबी उपलब्ध दिसत होते! मग डिस्क युटिलिटी (डिस्कची माहिती दाखवणारं मॅकमधलंच अ‍ॅप) उघडली. तिथे 'अव्हेलेबल 65', त्यातले 'पर्जेबल' (गरज पडली तर मॅक स्वतः मोकळी करेल अशी जागा) 59, आणि 'फ्री' फक्त 6. म्हणजे जागा कागदावर होती, हातात नव्हती. मशीन दोनदा रीस्टार्ट केलं, ढिम्म फरक नाही.

कारण निघालं स्नॅपशॉट. टाइम मशीनचा (मॅकमधल्याच बॅकअपच्या सोयीचा) बॅकअप चालू असला की मॅक दर तासाला स्वतःच्याच डिस्कवर एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी होती तिची नोंद, घेतो आणि तो 24 तासांपर्यंत ठेवतो. त्यात जी फाइल होती ती आपण उडवली, तरी तिची जागा स्नॅपशॉट धरून ठेवतो. म्हटलं ठीक, एक दिवस थांबू. थांबले. दर तासाला जाऊन आकडा बघत होते. दुसऱ्या दिवशीही 'फ्री' सहाच!

शेवटी डिस्क युटिलिटीत 'डेटा' व्हॉल्यूम (डिस्कचा आपल्या फाइल्स असलेला भाग) निवडून 'व्ह्यू' मेनूतून 'शो एपीएफएस स्नॅपशॉट्स' केलं. खाली यादी आली. बाकी सगळे कालच्या-आजच्या तारखांचे, आणि एक तीन आठवड्यांपूर्वीचा. शेवटचा पूर्ण झालेला बॅकअप तेव्हाचा होता, आणि त्याचा स्नॅपशॉट 24 तासांनी जात नाही, जागेची गरज पडेपर्यंत राहतो. तो निवडून खालचं वजाचं बटण दाबलं. 'फ्री' 64 वर गेलं. खुर्चीतून उठून दोन मिनिटं नुसती फेऱ्या मारल्या, इतकं बरं वाटलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: स्नॅपशॉट गेला की ते फोटो परत मिळायची ती वाटही बंद. मी सगळे फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर घेतले होते आणि त्यातले दहा-बारा तिथून उघडूनही पाहिले होते. तेवढं कराच. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर इथे उडवलेला फोटो फोनवरूनही जातो, तेही बघून घ्या.

आणि पेनड्राइव्हवरून काही डिलीट केलं असेल, तर तो लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा. ती जागा पेनड्राइव्हवरच अडकलेली असते.