दहा हजारांची परी

झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेचा फेरा, नोंद सातवी. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' अजून संपलेला नाही. गेले दोन आठवडे खेळाचा नायक लिंक जग वाचवायचं सोडून मांस भाजत बसलाय.

कारण चौथी परी. चिलखत मजबूत करून देणाऱ्या मोठ्या पऱ्या चार. झरा कुठलाही आधी गाठा, पहिली 100 रुपी (खेळातलं चलन) घेते, दुसरी 500, तिसरी 1000. चौथी एकदम 10,000! खिशात होते 1,340. त्याआधी हाटेनो गावातलं घर 3000 रुपी आणि लाकडाच्या 30 मोळ्या देऊन घेतलं होतं. हौस माझीच, तक्रार कुणाकडे करणार?

(जपानीत हे चलन आणि आपला रुपया एकाच अक्षरांत लिहितात. मित्राला फोनवर "दहा हजार रुपयांची सोय करतोय" म्हटलं, तर स्वयंपाकघरातून आई धावत बाहेर आली.)

मागच्या भागांत अडचण उलटी होती. 1998 च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये लहानग्या लिंकच्या पाकिटात 99 च मावतात. गवत कापलं की रुपी निघतात, पण 95 वर असताना वीसचा लाल खडा सापडला तर सोळा फुकट. दहा सोनेरी स्कलटुला (कोळ्यासारखे राक्षस) मारले की 200 चं पाकीट, तीस मारले की 500 चं. 1986 च्या पहिल्या खेळाचा नियम मला सगळ्यांत आवडतो: प्रत्येक बाणाला एक रुपी. खिसा रिकामा झाला की धनुष्य नुसतं मिरवायला.

इथे मात्र राक्षस मेला तरी शिंगं, दात, नखं टाकतो. रुपी एकही नाही. म्हणजे तलवार बाजूला ठेवून धंदाच करावा लागतो. हेब्राच्या डोंगराळ बर्फात गेंडे आणि मूस मारायचे, त्यांचं उंची मांस 35 ला एक विकलं जातं. पाच तुकडे कच्चे विकले तर 175, तेच पाचही एका कढईत टाकले तर भाजलेल्या मांसाची एक सळई 490 ला जाते! जिन्नस जितके जास्त, तितका भाव चढतो. अशा चौदा सळया केल्या, बीडल हा फिरता व्यापारी भेटेल तिथे त्याच्या गळ्यात मारल्या, 6,860 आले. हिऱ्याला 500 मिळतात, पण हिरे विकले नाहीत. माझ्याकडचा मिफा राजकन्येचा त्रिशूळ मोडला तर परत घडवायला हिरा लागतो, आणि माझ्या हातात काहीही टिकत नाही.

उरलेल्यासाठी पोंडोकडचं बर्फाचं बोलिंग. डावाला 20, स्ट्राइकला (एका फेकीत सगळे खुंट पाडले तर) 300. गोळा उजवीकडे किंचित सरकवून सोडायचा, हे कळेपर्यंत बरेच डाव बुडाले. तरी निव्वळ 1,260 सुटले.

आज पाकिटात 9,460. आणखी दोन स्ट्राइक पडले की थेट चौथ्या झऱ्यावर.