उस्मानाबादी मटणासाठी गॅसच्या स्मोकरमध्ये केलेले बदल

गॅसवर चालणारे कपाटासारखे स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस मंद आचेवर शिजवण्याची साधने, मुळात परदेशातल्या जाड, चरबीदार मांसासाठी आखलेले असतात. आपल्याकडे मराठवाड्यात मटण म्हटले की उस्मानाबादी शेळी आधी आठवते, आणि तिच्या मांसात चरबी कमी असते. आच जरा चढली की अख्खी मांडी बाहेरून कडक आणि आतून कोरडी पडते. म्हणून हा स्मोकर सुधारायचा म्हणजे त्याची उष्णता वाढवायची नाही, तर १०५ ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ती तासन्‌तास टिकवून धरायची, असे माझे ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त लक्ष बर्नरला द्यावे लागते. तो शुद्ध प्रोपेनसाठी बनवलेला असतो आणि आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन पूर्ण जळण्यासाठी त्याच्या आकारमानाच्या सुमारे २४ पट हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१ पट. हवा अपुरी पडली की ज्योतीची टोके पिवळी होतात आणि मांसावर काजळी बसते. बर्नरच्या नळीवरची हवेची चकती थोडी थोडी उघडत गेले की पिवळेपणा जातो आणि ज्योत स्वच्छ निळी होते. मे महिन्यात लातूर-परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मूळ नॉबच्या सर्वांत मंद आचेवरही कपाट अति तापते. त्यासाठी रेग्युलेटर आणि बर्नर यांच्या मध्ये गॅससाठीचाच निडल व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह अगदी बारीक कमी-जास्त करणारी झडप) जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. रेग्युलेटर मात्र कधीही काढू नये. इतकी लहान ज्योत वाऱ्याने विझू शकते आणि न जळलेला गॅस आत साठू शकतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा हवाच, पण बर्नरला हवा पोहोचेल एवढ्या अंतरावर.

लाकडासाठी दिलेली पातळ पत्र्याची पेटी मी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी बिडाचा जाड तवा ठेवला. पातळ पत्रा झटकन तापतो आणि लाकूड पेट घेते. बिडाच्या तव्यावर ते सावकाश धुमसते. आंबा, पेरू किंवा बाभळीचे पूर्ण वाळलेले तुकडे घ्यावेत. ओले लाकूड दाट पांढरा धूर सोडते आणि मटणाला कडवट चव येते. हवा असतो तो जेमतेम दिसणारा निळसर धूर. तव्याच्या वर पसरट पातेल्यात पाणी ठेवले की आतली हवा दमट राहते आणि तापमानाचे चढउतारही कमी होतात.

दाराच्या फटीला उष्णता सोसणारी, खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉनची पट्टी लावली की धूर पुढून गळत नाही. दारावरच्या काट्यावर विसंबण्यापेक्षा जाळीजवळ डिजिटल थर्मामीटरची सळई ठेवणे बरे, कारण दारापाशी आणि मटणापाशी तापमान सारखे नसते.

वरचे धुराडे मात्र पूर्ण उघडेच ठेवावे. ते बंद केले तर धूर कोंडून कडवटपणा वाढतो, आणि हवा कमी पडल्याने कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. म्हणूनच हा स्मोकर अंगणातच चालवावा, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नाही. प्रत्येक वेळी जोडणी केल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे, आणि बुडबुडा दिसला तर काडी ओढण्याआधी सिलिंडर बंद करावा.