कागदाचा कपटा

“माय, तुना हात चांगला शे. वायसर गयेल शे.”

धुळ्यातल्या मिस्त्रीकाकांचं हे वाक्य ऐकून माझी पुतणी रडलीच.

तिचं नेमबाजीचं एअर पिस्तूल स्वस्तातलं, जुनं, स्प्रिंगचं. छर्रे सारखे खाली लागायचे आणि सगळे तिलाच म्हणायचे, ट्रिगर झटकतेस. काकांनी नळीच्या सांध्यावर पातळ कागदाचा कपटा ठेवला, छर्रा भरून निशाण्यावर बार केला. कपटा उडाला! सांध्यातलं वायसर गेलेलं, हवा तिथूनच गळत होती, म्हणून छर्रे खाली.

दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. तिथं गळकं पिस्तूल काय करणार? नवं घेण्याची ऐपत आपल्याकडं किती घरांत आहे?

स्वतःचाच हात वाईट समजून खान्देशातल्या किती पोरींनी हा खेळ सोडला असेल?