हवेचं बटण

दुसऱ्या कडव्यात गोंधळी बाबांचा आवाज फाटला, तेव्हा माझं बोट अकॉर्डियनच्या पांढरी पाचवर होतं. आठ दिवस झाले, तोच क्षण पुन्हा पुन्हा कानात येतोय.

कार्यक्रम पुण्यातला. संबळ, तुणतुणं, झांज, आणि जोडीला व्हायोलिन, चेलो अन् माझं अकॉर्डियन. मी ऑर्केस्ट्रात वाढलो. गणेशोत्सवात कॅबरेची गाणी वाजवताना भाता थरथरवायला शिकलो. चेंबर संगीताकडे, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्य संगीताकडे, फार उशिरा वळलो. त्यामुळे हा कार्यक्रम आला तेव्हा वाटलं, आजवरचं सगळं एका ठिकाणी कामाला येणार.

अडचण निघाली पट्टीची, म्हणजे गाण्याचा षड्ज कुठे धरायचा त्याची. बाबा गातात काळी तीनच्या वर, पांढरी पाचच्या जरा खाली, म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या सुरांच्या फटीत. उभा जन्म तिथेच गायले. तुणतुण्याची खुंटी त्यांच्या गळ्याप्रमाणे पिळली जाते, कुठल्या पेटीप्रमाणे नाही. अकॉर्डियनला खुंटी नसते. माझ्या वाद्यात उजव्या हाताला दाबायच्या 41 पट्ट्या, प्रत्येकीला चार आवाज, प्रत्येक आवाजाला भाता उघडताना एक रीड (हवेने थरथरणारी धातूची पात) आणि मिटताना दुसरी. झाल्या 328. एकेक रीड मेण-राळेने बसवलेली, खरवडून खरवडून सुरात आणलेली. कार्यक्रमापुरती ती कोण खाली आणणार?

संगीतकाराने सोपा मार्ग काढला. "बाबा, जरा वर घ्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर म्हणतील तसं."

मी काहीच म्हटलं नाही. लोककलावंताला मानाने बोलवायचं आणि पहिल्याच तालमीला त्याची पट्टी काढून घ्यायची, ही रीत मला अजिबात मान्य नाही. पण तिथे गप्प बसलो, हेही तितकंच खरं. व्हायोलिन-चेलोला पडदे नसतात, ती दोघं कुठेही गेली असती. अडलं होतं ते फक्त माझ्यापाशी.

देवींना आवाहन झालं तोवर बाबांनी निभावलं. कडव्यात वरचा सूर आला आणि गळा फाटला. त्यांनी मान खाली घातली. मी उजवा हात उचलला. डाव्या अंगठ्याखाली हवेचं बटण असतं. ते दाबलं की एकही रीड न वाजता भाता उघडतो, मिटतो. आम्ही ते बहुतेक वाद्य बंद करतानाच वापरतो. पण संगीतकार सोफिया गुबैदुलिना यांनी 1978 मध्ये बायानसाठी, म्हणजे रशियन बटण-अकॉर्डियनसाठी, लिहिलेल्या 'दे प्रोफुंदिस'मध्ये हाच श्वास संगीत म्हणून येतो, आणि तो मी कधीकाळी घोटला होता. संबळाच्या ठेक्यावर मी नुसती हवा सोडू लागलो. हुस्स, हुस्स. बाबांनी मान वर केली. दोन ओळींत ते आपल्या पट्टीवर उतरले. तुणतुणेवाल्याने वाजवता वाजवताच खुंटी सैल केली. चौथ्या ओळीला चेलो खाली आला, मागून व्हायोलिन.

नंतर संगीतकार म्हणाला, "तुम्ही तर वाजवलंच नाहीत." बाबांनी फक्त माझ्या भात्यावर हात ठेवला.

मला खरी बोच आहे ती पुढची. घरी आल्यावर आठवलं, अकॉर्डियनचा सूर वाकवता येतो! एकच रीड बोलेल असं रजिस्टर (आवाज निवडायचं बटण) लावायचं, दोन बोलल्या तर नुसता गोंगाट होतो. खर्जाकडची पट्टी अर्धीच दाबायची आणि भात्यावर जोर वाढवायचा. अर्धवट उघडलेल्या झडपेतून रीडला हवा पुरत नाही आणि सूर घसरतो. घसरतो तो नेहमी खालीच, वर कधी जात नाही. बाबांचा सूर खालीच होता. सगळी चाल नसती वाजवता आली, पण षड्ज धरून बसता आलं असतं. तालमीत ही एक गोष्ट सुचली असती, तर त्यांना वर चढावंच लागलं नसतं.

काल बाबांना फोन लावला. म्हटलं, तुणतुणं छेडा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फोन मांडीवर ठेवून मी पट्टी अर्धी दाबली आणि हळूहळू खाली आलो. दोन सुरांमधली थरथर संथ होत गेली. ती थांबायला बराच वेळ लागला. तोवर बाबा छेडत राहिले.